ई-लिलावातील फ्लॅट : राखीव किंमत, ताबा आणि प्रत्यक्ष हिशेब

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. बँकांच्या लिलावाच्या संकेतस्थळावर त्यांना पिंपरी-चिंचवडमधील एक टू-बीएचके फ्लॅट दिसला. राखीव किंमत ४५ लाख, त्याच सोसायटीतील चालू भाव ६५ लाखांच्या आसपास आणि ताब्याच्या रकान्यात ‘सांकेतिक’ असा शेरा. हाताशी वीसेक लाख रुपये आहेत, बाकीचे कर्ज काढण्याचा विचार आहे. फ्लॅट घेऊन, रंगरंगोटी करून वर्षभरात विकला तर पंधरा लाख सुटतील का, आणि या व्यवहारात माणूस नेमका कुठे अडकतो, असे त्यांनी विचारले आहे.

लिलावातील घरे घेणाऱ्यांचे कागद तपासणे आणि खरेदीनंतर ताबा, नोंदणी, सोसायटी ही कामे मार्गी लावणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. निष्कर्ष आधीच सांगतो. तुम्ही वर्णन केलेल्या फ्लॅटमध्ये, त्या शेऱ्यासह, पंधरा लाख सुटणार नाहीत. हिशेब बरोबरीत आला तरी समाधान मानावे लागेल. त्याच फ्लॅटचा प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असता तर मी वेगळे सांगितले असते. ४५ आणि ६५ यांमधला मोठा भाग ही त्या एका शेऱ्याची किंमत आहे.

मुळात बँक येथे मालक म्हणून विकत नसते. मालक कर्जदारच असतो. बँकेचा प्राधिकृत अधिकारी २००२ च्या सरफेसी कायद्याने दिलेल्या अधिकारात त्याची तारण मालमत्ता विकून कर्ज वसूल करत असतो. म्हणूनच विक्री सूचनेत ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे’ ही शब्दावली असते आणि नेहमीच्या खरेदीखतात विक्रेता देतो ती निर्वेध मालकीची हमी येथे कोणी देत नाही. तुम्ही विकत घेता ती एक चालू वसुलीची कारवाई असते, आणि ती कोणत्या टप्प्यावर आहे हे फ्लॅटच्या मजल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे असते.

टप्पे असे आहेत. खाते थकीत झाल्यावर कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. कर्जदाराने हरकत नोंदवली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. मुदतीत पैसे आले नाहीत की कलम १३(४) खाली ताबा घेतला जातो, ताब्याची नोटीस दारावर डकवली जाते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील, प्रसिद्ध केली जाते. मग मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन, राखीव किंमत, कर्जदाराला ३० दिवसांची विक्रीची नोटीस आणि शेवटी लिलाव. पहिला लिलाव रिकामा गेला तर पुढच्यासाठी १५ दिवसांची नोटीस पुरते. यांपैकी कोणतीही पायरी बँकेने गाळली किंवा घाईने उरकली असेल, तर कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ खाली अर्ज करून विक्री रद्द करून मागू शकतो. त्यासाठी प्रत्येक कारवाईपासून ४५ दिवसांची मुदत आहे आणि तुमच्या नावाची विक्री हीदेखील त्यातलीच एक कारवाई ठरते. प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटून या नोटिसांच्या प्रती आणि पोचपावत्या पाहण्यास मागाव्यात. देणारे अधिकारी देतात. जे टाळाटाळ करतात, त्यांच्या फाइलमध्ये काय असेल याचा अंदाज बांधायला मोकळीक आहे.

आता ताब्याकडे येऊ. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस लागली आहे, पण आत कर्जदाराचे कुटुंब राहते आहे. वर्तमानपत्रातील सूचनेत याला सांकेतिक कब्जा किंवा प्रतीकात्मक ताबा असेही म्हटलेले असते. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप बँकेचे, त्यावर लाखेची मोहोर, आत काय सामान आहे याचा पंचनामा झालेला आणि किल्ली बँकेच्या ताब्यात. यांच्या मधल्या वाटेवर कलम १४ आहे. बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, त्यांनी ३० दिवसांत आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेश द्यायचा, मग तहसील कार्यालयातील अधिकारी किंवा न्यायालयाने नेमलेला कमिशनर पोलीस बंदोबस्तात जाऊन ताबा घेणार. वकिलाला असा कमिशनर नेमता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले, त्यामुळे काही ठिकाणी वेग आला आहे. तरीही कायद्यातील ६० दिवस आणि प्रत्यक्षातील महिने यांची गाठ क्वचितच पडते. आदेश झाला तरी बंदोबस्ताची तारीख मिळत नाही. पुण्यात तर पालखी, गणेशोत्सव आणि निवडणुका यांच्या आगेमागे पोलीस ठाण्याकडून तारीख मिळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. तारीख मिळाली तर आदल्या संध्याकाळी डीआरटीतून स्थगिती येते.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. गोव्यातील पार्क हयात हे रिसॉर्ट आयटीसीने फेब्रुवारी २०१५ मध्ये आयएफसीआय या वित्तसंस्थेच्या लिलावात ५१५ कोटींहून अधिक रक्कम देऊन घेतले. विक्रीच्या वेळी ताबा सांकेतिक होता. मूळ मालक कंपनी न्यायालयात गेली, मुंबई उच्च न्यायालयात विक्री टिकली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली तेव्हा मार्च २०१८ उजाडला होता. त्या निकालाचा तुमच्यासारख्यांना एक उपयोग आहे. सांकेतिक ताब्यावर विक्री झाली तरी त्यानंतरही बँक कलम १४ खाली अर्ज करू शकते, हे त्यात मान्य झाले. म्हणजे विक्री प्रमाणपत्र हातात पडल्यावर ‘आता आमचा संबंध संपला’ असे सांगणाऱ्या बँकेला तुम्ही हा निकाल दाखवू शकता. मात्र बँकेने आधीच सूचनेत ‘ताबा मिळवण्याची जबाबदारी खरेदीदाराची’ असे वाक्य घातले असेल तर पुढची रस्सीखेच अटळ आहे. ते वाक्य आहे की नाही हे पाहिल्याशिवाय अनामत भरू नये.

या संदर्भात एक गोष्ट निक्षून सांगतो. काही दलाल ‘ताब्याचे आम्ही बघून घेऊ’ असे म्हणतात. कुलूप तोडणे, वीज-पाणी बंद करवणे, दारात माणसे बसवणे हे सगळे बेकायदेशीर आहे आणि त्याची फौजदारी तक्रार खरेदीदाराच्या नावावर होते, दलालाच्या नव्हे. आत राहणाऱ्या कुटुंबाचे घर चालले आहे, त्यांनी कायद्याने मिळणारा दिवसन्‌दिवस वापरला तर तो त्यांचा हक्क आहे. तुमच्या हिशेबात त्या दिवसांची किंमत धरलेली असली पाहिजे. सामोपचाराने, बँकेच्या माहितीत, स्थलांतरासाठी ठरावीक रक्कम देऊन लेखी समझोता करणे अनेकदा न्यायालयापेक्षा स्वस्त पडते.

कर्जदाराऐवजी आत भाडेकरू असेल तर प्रकरण वेगळे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूला केवळ सरफेसीच्या आधारे बाहेर काढता येत नाही, असे २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. पुढे २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने तोंडी आणि नोंदणी नसलेल्या भाडेकराराच्या आधारे असा दावा करणाऱ्यांवर मर्यादा आणली. मुंबईतील पागडीची जागा लिलावात दिसली तर नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदलेला असेल तर तो नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सापडतो, आणि तो तारणाच्या आधीचा की नंतरचा हे तारखेवरून कळते.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून घर सोडवून नेईल ही भीती मात्र आता पूर्वीइतकी उरलेली नाही. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत त्याला हा हक्क होता. दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. नवी मुंबईतील एका मालमत्तेबाबत, सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात, लिलाव १०५ कोटींच्या वर झाल्यावर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले होते आणि उच्च न्यायालयाने ते मान्यही केले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो आदेश फिरवला आणि लिलावातील खरेदीदाराला मालमत्ता दिली. म्हणून यशस्वी बोलीनंतर बँकेने परस्पर तडजोड केली तर गप्प बसू नये.

पैशांचे वेळापत्रक हा दुसरा अडकण्याचा बिंदू आहे आणि तुमच्या बेतातील कच्चा भाग तोच आहे. अनामत, जिला सूचनेत इसारा अनामत रक्कम आणि बोलीभाषेत ईएमडी म्हणतात, ती बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असते. बोली तुमच्या नावावर सुटली की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. ही मुदत लेखी संमतीने वाढू शकते, पण कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांपलीकडे नाही. बोली ४६ लाखांवर सुटली असे धरले तर साडेअकरा लाख दुसऱ्या दिवसापर्यंत आणि साडेचौतीस लाख पंधरा दिवसांत उभे राहिले पाहिजेत. तुमच्याकडे वीस आहेत. उरलेल्या रकमेसाठी ज्या बँकेकडे जाल ती पहिला प्रश्न विचारेल तो ताब्याचा, आणि सांकेतिक ताब्याच्या घरावर गृहकर्ज द्यायला बहुतेक बँका राजी होत नाहीत. कधीकधी विकणारी बँकच कर्ज देते, परंतु मंजुरी लिलावाआधी हातात हवी. ‘बोली लागली की बघू’ हे येथे चालत नाही.

मुदत चुकली तर भरलेले पंचवीसच्या पंचवीस टक्के जप्त होतात. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात खरेदीदाराने १२ कोटी २७ लाखांची बोली लावली, पाव रक्कम म्हणजे तीन कोटींवर भरली आणि उरलेले पैसे वेळेत आणता आले नाहीत. बँकेला तर पुढच्या लिलावात अधिक किंमत मिळाली होती, त्यामुळे अपिली न्यायाधिकरणाने आणि उच्च न्यायालयाने जप्तीची रक्कम कमी केली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण जप्ती योग्य ठरवली. दया दाखवणे हा या नियमांचा भाग नाही, असे धरूनच उतरावे.

आता तुमचाच फ्लॅट घेऊन हिशेब मांडू. बोली ४६ लाख. मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के. ते बोलीवर लागेल असे गृहीत धरू नका. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्य ५२ लाख निघत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्यावर आकारणी होण्याची तयारी ठेवावी, म्हणजे ३ लाख ६४ हजार. वाद घालायचा असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो, त्यात वेळ जातो. नोंदणी शुल्क ३० हजार. तीन-चार वर्षे हप्ते न भरणाऱ्या माणसाने सोसायटीचे मेंटेनन्सही भरलेले नसते. व्याजासह २ लाख १० हजार धरू, कारण आदर्श उपविधींनुसार सोसायटी थकबाकीवर सरळव्याजाने २१ टक्क्यांपर्यंत आकारणी करू शकते आणि थकबाकी मिटल्याशिवाय सभासदत्व द्यायला कमिटी खळखळ करते. महापालिकेचा मिळकतकर ६० हजार, वीजबिल २५ हजार, वकील आणि शोध अहवाल ६० हजार, दुरुस्ती ३ लाख. रिकामे करताना लोक पंखे, नळ, स्वयंपाकघरातील ओटाही उखडून नेतात, त्यामुळे तीन लाख जास्त वाटू देऊ नका. बेरीज ५६ लाख ४९ हजार झाली.

६५ लाखांना विकला, एक टक्का दलाली दिली, तर हाती ६४ लाख ३५ हजार येतील. फरक ७ लाख ८६ हजार. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि २४ महिन्यांच्या आत विकणार असाल तर हा अल्पकालीन भांडवली नफा, त्यावर उपकरासह सुमारे २ लाख ४५ हजार कर. ताबा मिळवून विकेपर्यंत १४ महिने लागले आणि गुंतलेल्या ४६ लाखांवर ९ टक्के दराने व्याज धरले, स्वतःच्या पैशांवरचे बुडालेले व्याजही त्यात आले, तर ४ लाख ८३ हजार. उरले ५८ हजार रुपये. त्या १४ महिन्यांचे चालू मेंटेनन्स मी यात धरलेलेच नाही. हाच फ्लॅट प्रत्यक्ष ताब्यासह घेऊन पाच महिन्यांत विकला, तर व्याज पावणेदोन लाखांवर येते आणि कर भरून साडेतीन लाखांच्या वर उरतात. बाकीचे सगळे आकडे तेच आहेत.

या हिशेबात न दिसणाऱ्या दोन करविषयक गोष्टी आहेत. पहिली अशी, की मुद्रांकासाठी धरलेले मूल्य खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाले तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानण्याची तरतूद आयकर कायद्यात आहे. येथे फरक सहा लाखांचा आणि मर्यादा ४ लाख ६० हजारांची, म्हणजे पूर्ण सहा लाखांवर खरेदीच्याच वर्षी कर मागितला जाऊ शकतो. जाहीर लिलावातील किंमत हीच खरी बाजारकिंमत असा युक्तिवाद करता येतो, आणि कर भरला तर तेवढी रक्कम पुढे विक्रीच्या वेळी खरेदी किमतीत धरता येते. पण रोकड आधी जाते. दुसरी गोष्ट टीडीएसची. किंमत किंवा मुद्रांक मूल्य यांपैकी एकही ५० लाखांवर असेल तर जास्त रकमेच्या एक टक्का कपात करून ती कर्जदाराच्या पॅनवर भरायची असते. बँकेच्या पॅनवर नव्हे, कारण विक्रेता कायद्याच्या दृष्टीने कर्जदार आहे. त्याचा पॅन मिळाला नाही किंवा निष्क्रिय असला तर कपातीचा दर २० टक्के होतो. प्राधिकृत अधिकाऱ्याकडून पॅन आणि कपातीबद्दलचे बँकेचे धोरण अनामत भरण्याआधी लेखी घ्यावे.

थकबाक्यांबद्दल कायद्याची स्थिती ठाऊक असावी. विक्रीकरासारख्या सरकारी देण्यांपेक्षा तारणधारक बँकेचा हक्क वरचा आहे, परंतु त्यासाठी तारणाची नोंद सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत असली पाहिजे. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये हे ठरवले. सरसाईचा शोध किरकोळ शुल्कात घरबसल्या घेता येतो, तो घ्यावाच. विजेच्या थकबाकीबाबत मात्र २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खरेदीदाराच्या बाजूचा नाही: ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर घेतलेल्या जागेची जुनी थकबाकी नव्या जोडणीसाठीची अट म्हणून मागता येते, नियमांत तशी तरतूद असेल तर.

जागेवर जाऊन पाहण्याला पर्याय नाही आणि ते पाहणे म्हणजे केवळ बँकेने ठरवून दिलेल्या वेळेत दरवाजा उघडून खोल्या मोजणे नव्हे. सांकेतिक ताब्याच्या घरात तुम्हाला आत कोणी घेणारही नाही. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत त्या फ्लॅटचा मीटर शोधा. आकडा पळत असेल तर आत कोणी राहते, मीटरच काढून नेला असेल तर थकबाकी मोठी आहे. सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांची यादी बहुधा लावलेली असते. सचिवांना भेटून भागपत्र कोणाच्या नावे आहे आणि त्यावर किती बँकांचा बोजा नोंदला आहे ते विचारा. एकाच फ्लॅटवर दोन वित्तसंस्थांचे कर्ज निघाल्याची उदाहरणे पाहण्यात आहेत, आणि ती गोष्ट सचिवांच्या वहीत आधी कळते, बँकेच्या फाइलमध्ये नंतर. चौकीदार आणि शेजारी जे सांगतात ते कोणत्याही शोध अहवालात नसते: घटस्फोटाचा दावा, भावाभावांचे भांडण, कोणी वारल्यानंतर वारसांचा वाद.

कागदांत इंडेक्स टूची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सारांश उताऱ्यांची, साखळी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचा प्रकार हे तीन पाहावेत. बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत कायदेशीर आहे, या समजुतीचा फोलपणा डोंबिवलीतील ६५ इमारतींनी दाखवला. बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या त्या इमारतींतील अनेक घरांवर गृहकर्जे होती आणि त्या पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयाने दिले. सिडको, म्हाडा, एमआयडीसी यांच्या भाडेपट्ट्यावरील जागा असेल तर हस्तांतर शुल्क आणि ना हरकत प्रमाणपत्र लागते. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या वर्ग दोनच्या जमिनीवरील सोसायटी असेल तर परवानगी आणि नजराणा. शेतजमिनीला सरफेसी लागूच होत नाही, त्यामुळे संकेतस्थळावर ‘प्लॉट’ म्हणून दाखवलेल्या जागेचा सातबारा उघडून अकृषिक परवानगी झाली आहे का ते पाहावे. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, हा प्रश्न २०२० मध्ये मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सुटला. पतसंस्थांच्या विक्रीची रीत निराळी: तेथे सहकार कायद्याचा वसुली दाखला आणि नियम १०७, म्हणून मुदती आणि अनामतीचे प्रमाणही वेगळे. सूचनेच्या डोक्यावर कोणत्या कायद्याचा उल्लेख आहे ते पाहून मगच पुढे वाचावे.

संकेतस्थळाबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. सरकारी बँकांच्या मालमत्ता आता बहुतांशी बँकनेटवर येतात, जे जानेवारी २०२५ मध्ये जुन्या ई-बिक्रयच्या जागी आले. खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या इतर लिलाव कंपन्यांची व्यासपीठे वापरतात. पैसे घेऊन नुसत्या याद्या दाखवणारी संकेतस्थळेही आहेत, त्यांवरचा तपशील बँकेच्या मूळ सूचनेशी ताडल्याशिवाय खरा धरू नये. नोंदणी, केवायसी आणि अनामतीचा भरणा दोन-तीन दिवस आधी उरकावा, कारण भरणा पोचल्याची खातरजमा होईपर्यंत बोलीचा पडदा उघडत नाही. अनेक सूचनांत पहिली बोली राखीव किमतीपेक्षा निदान एका टप्प्याने जास्त लावण्याची अट असते. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली वाढवली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते, हे दुपारभर चालू शकते, आणि पंचवीस हजारांच्या टप्प्यांनी माणूस ठरवलेल्या मर्यादेच्या तीन लाख पुढे कधी गेला ते त्याला कळत नाही.

विक्री प्रमाणपत्र मिळाल्यावर कायद्याने त्याची नोंदणी सक्तीची नाही, प्रत निबंधकांकडे पाठवली तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालय म्हणते. महाराष्ट्रात गुंतवणूकदाराने तरीही मुद्रांक भरून नोंदणी करून घ्यावी. तुमच्याकडून घेणाऱ्याला गृहकर्ज देणारी बँक इंडेक्स टू मागते, आणि सोसायटीही. पूर्ण पैसे भरताना १३(२) ची नोटीस, ताब्याची नोटीस, दोन्ही वर्तमानपत्रांची कात्रणे, विक्री सूचना, बोलीचा तक्ता, पंचनामा आणि डीआरटीत कोणताही अर्ज प्रलंबित नसल्याचे बँकेचे पत्र यांच्या साक्षांकित प्रती मागून घ्याव्यात. सहा महिन्यांनी तो अधिकारी बदलून गेलेला असतो आणि फाइल कुठल्या गोदामात गेली ते शाखेला सांगता येत नाही.

तुमच्या फ्लॅटपुरते सांगायचे तर या फेरीत बोली लावू नये. प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटून कलम १४ चा आदेश झाला आहे का, झाला असेल तर कमिशनरची तारीख कोणती, आणि डीआरटीत कर्जदाराचा अर्ज आहे का, एवढेच विचारून यावे. अर्जाची स्थिती डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने स्वतःही पाहता येते. लिलाव रिकामा गेला तर बँका बहुधा राखीव किंमत दहाएक टक्क्यांनी उतरवून पुन्हा सूचना काढतात. ती ४० लाख ५० हजारांच्या आसपास येईल. तेव्हा ताब्याच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष’ असे आले असेल तर ४६ लाखांपर्यंत जाण्यास हरकत नाही. ‘सांकेतिक’च राहिले असेल आणि पैसा दोन वर्षे अडकला तरी चालणार असेल, तर ४१ लाखांच्या पुढे जाऊ नये, आणि तेही कर्ज न काढता.